शाळेची लॅब, दहा मशीन आणि इंटेल की एएमडी

जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. मी विज्ञान शिकवतो आणि संगणक कक्षाचा चार्जही माझ्याकडेच आहे. २०२५ मध्ये आम्ही कक्षातली सगळी मशीन बदलली. जानेवारीत विषय निघाला, शेवटचं बिल ऑगस्टमध्ये चुकतं झालं. मधल्या काळात पैशांवर किंवा वायरिंगवर जेवढी चर्चा झाली नाही तेवढी एकाच प्रश्नावर झाली: इंटेल घ्यायचं की एएमडी? या दोन्ही प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बनवणाऱ्या कंपन्या. आसपासच्या शाळांमधले चार्ज सांभाळणारे शिक्षक हल्ली फोन करून विचारतात, म्हणून घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

माझी बाजू आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ती लक्षात राहील. मी पंचवीस वर्षं एएमडीवाला आहे. १९९९ साली बी.एस्सी.ला असताना घरात पहिलं मशीन आलं, असेम्बल केलेलं, एएमडीच्या के६-२ प्रोसेसरचं. इंटेलच्या पेंटियमचा भाव ऐकून वडील दुकानाची पायरी उतरले होते. दुकानदाराने मागून हाक मारली. म्हणाला, दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर आहे, सॉफ्टवेअर सगळी तीच चालतात, चार-पाच हजारांनी स्वस्त पडेल. त्या चार-पाच हजारांमुळे घरात कॉम्प्युटर आला आणि मी प्रोग्रॅमिंग शिकलो. ते ऋण मी विसरलेलो नाही. २०११ नंतर एफएक्स मालिकेच्या काळात एएमडी फार मागे पडली, तेव्हाही मी तिलाच धरून राहिलो. २ मार्च २०१७ ला एएमडीचा रायझन प्रोसेसर बाजारात आला त्या दिवशी घरातलं पोर बोर्डात आल्यासारखा आनंद झाला होता.

आता शाळेचं. १९ जानेवारीला दहावीच्या २००० सालच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. त्यांनी लॅबसाठी चार लाख रुपये जाहीर केले. कुणी देणगी देत असेल तर एक करा: चेकसोबत पत्र घ्या आणि त्यात 'संगणक कक्षासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या. आमच्या क्लार्क भाऊसाहेबांनी आग्रहाने ते पत्र घेतलं आणि लेजरला वेगळं खातं उघडलं. पुढे जेव्हा 'यातून कंपाउंडचं गेटही होऊन जाईल' असा सूर निघाला, तेव्हा ते पत्र कामाला आलं.

जुनी मशीन २०१३ ची होती. पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, विंडोज ७. बारापैकी सात सुरू व्हायची. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, शिवाय इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, निदान इतका नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे रॅम वाढवून वेळ मारून नेण्याचा मार्ग बंद होता.

१५ फेब्रुवारीला शाळा समितीची बैठक झाली. मुख्याध्यापिका मॅडमनी मागणीचा मसुदा वाचला: 'इंटेल कोअर आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी.' मी म्हटलं, कंपनीचं नाव नको घालायला. त्यावर नाना बोलले. नाना म्हणजे समितीतले ज्येष्ठ सदस्य, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. पैशाच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे सहसा मोडत नाहीत.

"सर, इंटेलच लिहा. डुप्लिकेट माल शाळेत नको."

"नाना, ते डुप्लिकेट नाहीये. एएमडी १९६९ ची कंपनी आहे. इंटेल तिच्या एकच वर्ष आधीची."

"असेल. पण मी काय सांगतो ते ऐका. इंटेल घेतलं आणि बिघडलं तर लोक म्हणतील, नशीब. दुसरं काही घेतलं आणि बिघडलं तर म्हणतील, सरांनी काय उचलून आणलं. नाव कुणाचं खराब होणार?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. मी इतकी वर्षं या विषयावर मित्रांशी भांडलो, पण इतका नेमका मुद्दा कुणी मांडला नव्हता. आपल्याकडे बहुतेक लोकांचं इंटेलप्रेम हे प्रोसेसरवरचं प्रेम नसतं. जाब द्यावा लागू नये, याची ती तजवीज असते. आणि तशी भावना तयार व्हावी म्हणून कंपनीने पद्धतशीर मेहनत घेतली होती. १९९१ मध्ये 'इंटेल इनसाइड' मोहीम सुरू झाली. त्याआधी डब्याच्या आत कुणाचा प्रोसेसर आहे हे सामान्य गिऱ्हाईक विचारतच नव्हतं. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने जाहिरातीत तो लोगो छापला की जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल उचलायची. नानांच्या बँकेतल्या प्रत्येक मशीनवर ते गोल स्टिकर होतं. इंटेलच्या प्रोसेसरची ३८६, ४८६ ही नावं म्हणजे नुसते आकडे होते, त्यांच्यावर ट्रेडमार्कचा हक्क सांगता येईना, म्हणून १९९३ मध्ये पेंटियम हे नाव आलं. ते इतकं रुजलं की आमच्या गावात कितीतरी वर्षं कुठल्याही कॉम्प्युटरला लोक पेंटियमच म्हणायचे.

'डुप्लिकेट' या शब्दामागेही इतिहास आहे, तो मी बैठकीत थोडक्यात सांगितला. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ होता. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नाही, दुसरा हवाच, अशी आयबीएमची अट होती. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीचा करार झाला आणि एएमडी इंटेलच्या डिझाइनचे प्रोसेसर रीतसर परवान्याने बनवू लागली. ३८६ च्या वेळी इंटेलने डिझाइन द्यायला नकार दिला आणि भांडण लवादाकडे, मग कोर्टात गेलं. एएमडीने स्वतःचा एएम३८६ काढला तो १९९१ मध्ये, आणि त्या वादावर पडदा पडला १९९५ मध्ये. एएमडी पायरेटेड माल विकत होती हा आपल्या बाजारातला समज साफ चुकीचा आहे.

नानांनी शेवटचा पत्ता टाकला. "पेंटियम बनवणारा माणूस आपल्या पुण्यात जन्मलेला आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. विनोद धाम, जन्म १९५०, पुणे. "नाना, तेच धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि पुढे एएमडीच्या के६ वर त्यांनी काम केलं. माझ्या घरी जे पहिलं मशीन होतं ते त्याच घराण्यातलं."

नाना काही क्षण थांबले. मग म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण एएमडी तापतं. आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको."

इथे सगळ्यांनी माना डोलावल्या. भुसावळ-जळगावच्या उन्हात राहणाऱ्या माणसाला हा मुद्दा पटतोच. हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. २००१ मध्ये एका चाचणीचा व्हिडिओ जगभर फिरला होता. मशीन चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढला, तर एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला आणि इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला. तो दोष त्या काळी खराच होता, कारण पेंटियम ४ मध्ये स्वतःचा वेग आवरण्याची सोय होती आणि त्या अ‍ॅथलॉनमध्ये नव्हती. पण तीन वर्षांत चित्र पालटलं. २००४ मध्ये आलेला प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ इतका तापायचा की इंटेलने त्याच्या पुढचं टेजस नावाचं डिझाइन रद्द केलं. २०१३ मध्ये एएमडीने २२० वॉटचा एफएक्स काढला तेव्हा पुन्हा उलट. 'अमुक कंपनी तापते' हे वाक्य सांगताना कुठल्या सालचा कुठला प्रोसेसर हे सांगितलं नाही तर त्याला काही अर्थ उरत नाही. मी म्हटलं, बोलून हे मिटणार नाही, मशीन शाळेत आणून मोजू या.

त्यावर मात्र एकमत झालं. ठरावात दोन गोष्टी आल्या: मागणीपत्रात कंपनीचं नाव न घालता कामाची गरज लिहायची, आणि विक्रेत्याने नमुन्याचं एक मशीन दोन दिवस लॅबमध्ये ठेवायचं. सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर, हेही मीच आग्रहाने लिहून घेतलं. एएमडीला या नियमाने न्याय मिळेल असा माझा हिशेब होता.

२१ फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. आमची शाळा केंद्र आहे, त्यामुळे मार्चअखेरपर्यंत फाइल हललीच नाही. तुमच्या शाळेत हे काम काढायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच काढा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोटेशनची पत्रं गेली. बंद पाकिटात चार कोटेशनं आली आणि २४ एप्रिलला समितीसमोर ती फोडली. इथे जरा थांबून लिहितो, कारण फसगत होते ती याच टप्प्यावर.

पहिलं पाकीट: 'कोअर आय-५, ८ जीबी, ५१२ एसएसडी, रु. १९,५००.' मॅडमचा चेहरा खुलला. मी विचारलं, पिढी कुठली? कोटेशनमध्ये लिहिलेली नव्हती. फोन लावला तेव्हा कळलं, चौथी. म्हणजे २०१३ चा प्रोसेसर, कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला, नव्या डब्यात बसवलेला. विंडोज ११ ची अट तिथेच गळाली. नुसतं 'आय-५' म्हणजे काहीच सांगितलं नाही. २०१३ चा आय-५ हा २०२२ च्या आय-३ पेक्षा बराच मागे असतो. नानांनी ते कोटेशन पुन्हा हातात घेऊन वाचलं आणि भाऊसाहेबांकडे सरकवलं, बोलले काही नाहीत.

दुसरं पाकीट: आय-५ १२४००एफ. दर चांगला, प्रोसेसरही नवा. पण शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड कोटेशनमध्ये नव्हतं. असं मशीन चालू होईल, पण पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीमध्येही हा खड्डा आहे: रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा फरक असतो आणि तोच वाचायचा राहतो. लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी जपावं. रायझन ७५२०यू मधला ७ बघून तो ताजा वाटतो, पण त्या मालिकेत डिझाइनची पिढी तिसऱ्या आकड्यावरून ओळखायची असते. तो आकडा इथे २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेलं झेन २ डिझाइन. नावांचा हा गोंधळ दोन्ही कंपन्या घालतात, आणि माझा दोघींवरही याबद्दल राग आहे.

तिसरं पाकीट इंटेल आय-३ १२१०० चं होतं, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), साडेएकवीस इंची मॉनिटर, सगळं धरून रु. ३६,४००. चौथं रायझन ५ ५६००जी चं, बाकी सगळं तसंच, रु. ३१,६०० आणि खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'. १८ टक्के धरल्यावर ते झालं जवळपास रु. ३७,३००. शाळेला जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे तुलना नेहमी करासकट रकमेची करायची. भाऊसाहेबांनी तुलनात्मक तक्ता केला आणि तिघांच्या सह्या झाल्या.

२८ आणि २९ एप्रिलला दोन्ही नमुना मशीन लॅबमध्ये शेजारी-शेजारी ठेवली. बाहेर ऊन चाळिशीच्या वर. लॅबमध्ये पंखे फिरत होते, भिंतीवरचा थर्मामीटर दुपारी ३८ दाखवत होता. सॉकेटला लावायचं वॉटमीटर मी सातशे रुपयांना आणलं होतं. प्रोसेसरचं तापमान बघायला फुकटची सॉफ्टवेअर मिळतात. नववीची चार मुलं वहीत आकडे लिहायला बसवली.

मुलं लॅबमध्ये जे करतात तेच आधी केलं: ब्राउझर, स्क्रॅच, जिओजेब्रा, मराठी टायपिंग, एखादा व्हिडिओ. दोन्ही प्रोसेसर पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान राहिले. वॉटमीटरवर फरक इतका थोडा की वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग अर्धा तास पूर्ण ताण दिला. आय-३ पंचाहत्तरच्या आसपास थांबला, रायझन पंच्याऐंशीच्या पुढे गेला. पण रायझनमध्ये सहा कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे प्रोसेसरचे भाग) आहेत आणि आय-३ मध्ये चार. ५६००जी ची कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा ९५ अंश आणि १२१०० ची १००. दोघंही मर्यादेच्या आत, दोघांच्याही पंख्याचा आवाज वाढला, बंद कुणीच पडलं नाही. नंतर गॅदरिंगचा एक व्हिडिओ दोन्हीवर एक्स्पोर्टला लावला. रायझनचं काम संपलं तेव्हा आय-३ चं बरंच बाकी होतं. एक मुलगा ओरडला, "सर, एएमडी पहिलं!" मला मनापासून आनंद झाला, तो मी लपवला नाही.

नाना दुपारी येऊन अर्धा तास बसले. वहीतले आकडे त्यांनी स्वतः वाचले. "म्हणजे तापतं, पण फार नाही," एवढंच म्हणाले.

१० मेच्या बैठकीत निर्णय होता. दोन्ही मशीन सगळ्या अटींत बसत होती, आणि आय-३ प्रत्येकी नऊशे रुपयांनी स्वस्त होतं. दहा मशीनना नऊ हजार. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं मशीन जास्त वेगवान निघालं ना? नऊ हजारांसाठी कशाला मागे राहायचं?" नियमानुसार हे शक्यही होतं. सर्वांत कमी दर सोडून वरचा घ्यायचा तर ठरावात कारण लिहावं लागतं. ऑडिटर विचारतो, पण कारण सबळ असेल तर मान्य करतो.

मी दोन रात्री त्यावर विचार केला होता. कारण काय लिहिणार? आमची मुलं वर्षभरात व्हिडिओ एक्स्पोर्ट किती वेळा करणार? स्क्रॅच आणि लिबरऑफिसला सहा कोअरचा काहीच फायदा नाही. ५६००जी चं ग्राफिक्स सरस आहे, पण ते खेळांसाठी. पुढे प्रोसेसर बदलता येईल, हा एएमडीच्या सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, लौकिक. २०१६ चा एएम४ सॉकेट २०२४ मध्ये आलेल्या प्रोसेसरनाही चालला, याचा मला अभिमान आहे. पण आमच्या शाळेने बारा वर्षांत एकाही मशीनचा प्रोसेसर बदलला नव्हता. आणि लॅबचं अर्थिंग खराब होतं, ते नीट करायला पैसे हवे होते. मी म्हटलं, मॅडम, आय-३ घेऊ. ठरावाच्या खाली मी सही केली, आणि हा निर्णय मला आजही पटतो. घरचं माझं मशीन रायझनचंच आहे.

त्याच बैठकीत एका सदस्याने मोबाइलवर बातमी दाखवली, इंटेलचे प्रोसेसर खराब होतात म्हणून. ती २०२४ ची बातमी खरी आहे, पण ती १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरची. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर व्हायचे. इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आमचा प्रोसेसर १२ व्या पिढीतला, त्याचा यात संबंध नव्हता. अशी बातमी आली की पिढी आणि मॉडेल बघा. २०२३ मध्ये एएमडीचे काही ७००० एक्स३डी प्रोसेसरही मदरबोर्डच्या जादा व्होल्टेजने जळाले होते.

१३ मेला पर्चेस ऑर्डर दिली. अ‍ॅडव्हान्स दिला नाही. माल आल्यावर साठ टक्के, मशीन बसवून सुरू झाल्यावर तीस, आणि महिनाभर चालल्यावर दहा असं ठरलं. चार आठवड्यांचा वायदा होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात विक्रेत्याचा फोन आला: "बॉक्स पॅक प्रोसेसर संपलेत, ट्रे देतो, प्रोसेसर तोच आहे." प्रोसेसर तोच असतो हे खरं, पण बॉक्स पॅकवर इंटेल थेट तीन वर्षांची वॉरंटी देते. ट्रेच्या, म्हणजे डब्याशिवाय सुट्या येणाऱ्या, मालाला वॉरंटी विकणाऱ्याकडून घ्यावी लागते, आणि उद्या त्याने दुकान बंद केलं तर दाद कुणाकडे मागणार? ऑर्डरमध्ये 'बॉक्स पॅक' लिहिलेलं होतं, म्हणून नाही म्हणता आलं. त्यापायी दोन आठवडे गेले. १६ जूनला शाळा उघडली तेव्हा लॅबमध्ये रिकामी टेबलं होती आणि मुलं रोज विचारायची. माल २४ जूनला आला.

प्रोसेसर बसवण्याचं काम २८ आणि २९ जूनला मुलांसमोर झालं, तसा मी आधीच शब्द घेतला होता. घरून माझा जुना के६-२ नेला होता. त्याच्या पोटाला सोनेरी पिनांच्या रांगा आहेत. नव्या आय-३ ला पिना नाहीत, सपाट ठिपके आहेत, आणि १७०० बारीक पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. मुलांनी भिंगातून बघितलं. त्या पिनांना बोट लागलं तर बोर्ड वाया जातो, म्हणून सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण शेवटपर्यंत काढायचं नसतं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा, प्रोसेसर अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग दांडी खाली, आणि झाकण आपोआप उडून बाहेर येतं. कूलरच्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा टक्क आवाज आला पाहिजे.

इथे एक काम आठवणीने करा. कूलर बसवण्याआधी प्रत्येक प्रोसेसरच्या पाठीचा फोटो काढा. बॅचचा क्रमांक तिथे कोरलेला असतो आणि एकदा कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट लागली की दिसत नाही. वॉरंटी तपासायला तो आणि डब्यावरचा क्रमांक दोन्ही लागतात. आम्ही दहाही क्रमांक इंटेलच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची अखेरची तारीख पाहिली, तिची छापील प्रत फाइलला लावली आणि डबे स्टोअररूममध्ये ठेवले. डबे फेकू नका.

एक मशीन सुरूच होईना. रॅमची पट्टी खराब निघाली, बदलून यायला आठवडा लागला.

सगळ्यांवर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम टाकली. 'विंडोज असंच टाकून देतो' म्हणणारे विक्रेते भेटतील, त्यांना नाही म्हणा, शाळेच्या नावावर बिनपरवाना सॉफ्टवेअर नको. इन्स्टॉल करताना एका मुलीने पेन ड्राइव्हमधल्या फाइलचं नाव वाचलं. शेवटी 'एएमडी६४' होतं. "सर, आपली मशीन तर इंटेलची आहेत ना? चुकीची फाइल आणली का?" फाइल बरोबर होती. इंटेल ६४ बिटसाठी इटॅनियम नावाचा वेगळाच मार्ग धरून बसली होती. जुनी सॉफ्टवेअर चालू ठेवूनच ६४ बिटवर जायचा रस्ता एएमडीने काढला, २००३ मध्ये, आणि २००४ मध्ये इंटेलने तोच स्वीकारला. त्यामुळे आमच्या दहाही इंटेल मशीन आज एएमडीने आखलेल्या सूचनांवर चालतात, आणि त्याखालचा पाया इंटेलच्या ८०८६ या जुन्या प्रोसेसरचा आहे. कोर्टात एवढं भांडूनही दोघींना एकमेकींचे परवाने सोडता आलेले नाहीत. २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन जुने दावे मिटवले, त्याच तडजोडीत परवान्यांचा नवा करारही झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर दोघींनी मिळून या तंत्राची दिशा ठरवायला सल्लागार गट नेमला. मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवलं. तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

जुन्या मशीनचं निर्लेखन हे वेगळं काम आहे, ते विसरू नका. डेड स्टॉक रजिस्टरमधून नोंद कमी करायला समितीचा ठराव लागतो. हार्ड डिस्क पुसल्या, त्यात निकालांच्या फाइली होत्या. मशीन भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला दिली आणि पावती घेतली. नवीन मशीनच्या नोंदी अनुक्रमांकासह रजिस्टरला चढवल्या, प्रत्येक डब्यावर रंगाने शाळेचं नाव आणि नंबर टाकला. उरलेल्या छत्तीस हजारांत अर्थिंग झालं आणि यूपीएसच्या बॅटऱ्या आल्या. २२ ऑगस्टला शेवटचे दहा टक्के विक्रेत्याच्या खात्यावर गेले.

मागणीपत्रात प्रोसेसरपुरता जो मजकूर आम्ही लिहिला होता तो खाली देतो. आपल्या शाळेला हवा तसा बदलून घ्या:

'प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा चालेल. २०२१ मध्ये किंवा त्यानंतर बाजारात आलेला, किमान ४ कोअर व ८ थ्रेड असलेला, अंगभूत ग्राफिक्स असलेला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे चालणारा असावा. कोटेशनमध्ये प्रोसेसरचा संपूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहावा. बॉक्स पॅक, नवीन, कंपनीची किमान ३ वर्षांची वॉरंटी असलेलाच स्वीकारला जाईल. ट्रे अथवा वापरलेला माल स्वीकारला जाणार नाही. दर जीएसटीसह लिहावा. नमुन्याचे एक मशीन दोन दिवस शाळेत चाचणीसाठी ठेवावे लागेल.'